वॉलगेटचं खारट पाणी

प्रिय संज्या,

"तिकडचे आदिवासी एवढं कोक का ढोसतात रे?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी विषय बदलला. एका वाक्यात सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

2019 ला मी महिनाभर वॉलगेटला बदली फार्मासिस्ट होतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचं आडबाजूचं गाव, वस्ती दोनेक हजार, त्यात ॲबोरिजिनल, म्हणजे तू म्हणतोस ते आदिवासी, बरेच. शेजारून बार्वन आणि नमोई, दोन नद्या. पण दुष्काळात त्या आटलेल्या आणि नळाला खोल बोअरचं पाणी. लिटरमागे 300 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, जिथं चवीच्या हिशेबानं ठरवलेली मर्यादा आहे 180. पहिल्या दिवशी चहा केला, तर आधणात कुणी चिमूटभर मीठ टाकलंय की काय असं वाटलं! 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा घागरी घेऊन धावलेले आपण. तरीही हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

तिथं वडीलधाऱ्या बाईला सगळं गाव आंटी म्हणतं, आपल्याकडच्या मावशीसारखं. अशा एक आंटी मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आल्या. पिशवीतून सव्वा लिटरची कोलाची बाटली डोकावत होती. मी लगेच शहाणपण सुरू केलं. 375 मिलीच्या एका कॅनमध्ये चाळीस ग्रॅम साखर, म्हणजे दहा चमचे, त्यापेक्षा पाणी प्या वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि काउंटरमागच्या माझ्या विकतच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "तू पितोस का नळाचं?"

गप्प बसलो लेका.

आकडे खोटे नाहीत. 2012-13 च्या सरकारी पाहणीत आदल्या दिवशी साखरेचं पेय घेतलेले ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक निघाले 50 टक्के, बाकीचे 34. बाकीचे 34 म्हणजे तेही काही कमी नाहीत, पण त्यांच्याबद्दल असा प्रश्न कुणी विचारत नाही. शिवाय या लोकांना साखरेची चटक लावली कुणी? ख्रिस्ती मिशनांत आणि गुरांच्या मोठमोठ्या फार्मांवर पिढ्यान्‌पिढ्या पीठ, साखर आणि चहापत्तीचं रेशन मिळायचं. कित्येकदा मजुरी म्हणून तेवढंच.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत आर्नहेम लँडकडे ॲबोरिजिनल लोकांच्या मालकीची एक दुकानसाखळी आहे, आल्पा. 2018 मध्ये संशोधकांबरोबर त्यांनी वीस दुकानांत बारा आठवडे प्रयोग केला. निम्म्या दुकानांत 600 मिलीवरच्या बाटल्या फ्रिजमधून काढल्या, गोड मालावरच्या सवलती थांबवल्या. बंदी नाही, उपदेश नाही. विकल्या गेलेल्या मालातली साखर जवळपास तीन टक्क्यांनी उतरली आणि दुकानांचा नफाही बुडाला नाही. मला हे पटतं. तीन टक्के थोडे वाटतात, पण माझ्या भाषणानं एका आंटींची एक बाटलीसुद्धा कमी झाली नव्हती.

आणि खरं सांगू? महिनाअखेर मीही रोज थंडगार लेमन सोडा रिचवत होतो. उन्हाळा 44 अंशांचा, दुकानात सोडा पाण्याहून स्वस्त. पँटचं बटण लागेना तेव्हा हिनं विचारलं, "तिकडं काय खात होतास?" खात नव्हतो, पीत होतो.

काकूंची शुगर तपासायची होती ना, किती आली ते कळव. रिपोर्टचा फोटो पाठव, नुसतं "ठीक आहे" नको.

तुझा,
बाळ्या