कॅशबॅकचा माग ब्राउझरमध्येच तुटतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन खरेदीवर पैसे परत मिळवून देणारे एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) ब्राउझरमध्ये कसे बसवावे, हे सांगणारा मजकूर आपल्या पुरवणीत नुकताच वाचला. एक्सटेन्शन बसवण्याची कृती त्यात अचूक दिली आहे; परंतु हे पैसे मुळात कोण देतो आणि ते वाटेत का अडकतात, याविषयी त्यात एक ओळही नाही. तेवढे कळल्याशिवाय ब्राउझरची मांडणी नीट होत नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो असल्याने हे पत्र लिहीत आहे.

कॅशबॅक ही दुकानाने दिलेली सूट नव्हे, ती दलालीतली वाटणी आहे. गिऱ्हाईक पाठवणाऱ्याला विक्रीतला काही हिस्सा द्यायचा, अशी योजना ॲमेझॉनने १९९६ मध्ये सुरू केली आणि पुढे बहुतेक ऑनलाइन दुकानांनी ती उचलली. कॅशबॅक कंपनी ही दलाली स्वतः घेते आणि तिच्यातला वाटा आपल्या खात्यात टाकते. मात्र ‘हे गिऱ्हाईक आमच्याकडून आले’ हे तिला दुकानापुढे सिद्ध करावे लागते आणि तो पुरावा बहुधा एका कुकीत, म्हणजे आपल्याच ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्याशा नोंदीत असतो. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी कुकी तयार केली, ती ग्राहकाने टोपलीत काय भरले हे लक्षात राहावे म्हणून. आता टोपली कोणाच्या नावावर मोडते, हेही तीच ठरवते.

या व्यवसायात सर्रास चालणारा रिवाज असा, की पैसे देण्यापूर्वी शेवटची क्लिक ज्याच्या दुव्यावर झाली, त्याला संपूर्ण दलाली मिळते. मी हौसेने दोन कॅशबॅक एक्सटेन्शन आणि कूपन शोधणारे तिसरे एक्सटेन्शन एकाच ब्राउझरमध्ये बसवले होते. एका मोठ्या खरेदीच्या वेळी पहिल्यावर ‘कॅशबॅक सुरू करा’ म्हटले आणि पेमेंटच्या पानावर तिसऱ्याने उघडलेली ‘कूपन सापडले नाही’ ही खिडकी निमूटपणे बंद केली. पैसे काही जमा झाले नाहीत. दुकानाने फसवले, अशी माझी कित्येक आठवडे खात्री होती. मग एकेक एक्सटेन्शन बंद करून पाहिले, तेव्हा उलगडा झाला: ती खिडकी बंद करण्याची क्लिकच शेवटची ठरली होती आणि पहिल्याचा माग तिथेच पुसला गेला होता.

हा माझ्या एकट्याचा घोळ नव्हता. ऑनलाइन पेमेंट करून देणाऱ्या पेपाल कंपनीने सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतलेले ‘हनी’ हे एक्सटेन्शन कूपन न सापडताही इतरांच्या दुव्याच्या जागी स्वतःचा दुवा बसवते, असा आरोप डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूबरने केला आणि त्यावरून न्यायालयीन दावेही झाले. शेवटच्या क्लिकचा रिवाज साऱ्या व्यवसायाचाच आहे, असे पेपालचे म्हणणे होते. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या एक्सटेन्शनसाठीचे नियम कडक केले: वापरणाऱ्याला प्रत्यक्ष फायदा होत असेल आणि त्याने स्वतः तशी कृती केली असेल, तरच असा दुवा घालता येईल.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की खरेदीसाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल, म्हणजे ज्याच्या कुकी आणि एक्सटेन्शन स्वतंत्र राहतात असा कप्पा, तयार करावे आणि त्यात एकच कॅशबॅक एक्सटेन्शन ठेवावे. जाहिराती अडवणारे एक्सटेन्शन या प्रोफाइलमध्ये नको, कारण ते जाहिरातीबरोबर हा मागही अडवू शकते. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून त्रयस्थ संकेतस्थळांच्या (आपण उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांच्या) कुकी सरसकट बंद केल्या आहेत. पुष्कळ दुकाने गिऱ्हाईक कोणी पाठवले हे सांगणारा, दुव्यातला क्रमांक आता स्वतःच्याच कुकीत ठेवतात म्हणून तिथेही काम भागते, पण प्रत्येक दुकानाबाबत तशी हमी धरता येत नाही. क्रोमच्या गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकीत आपण मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज एक्सटेन्शन चालतच नाही. मोबाइलवर तर दुकानाचे ॲप बसवलेले असल्यास दुवा दाबताच बहुधा तेच उघडते आणि ब्राउझरमधली नोंद मागे राहून जाते. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी कॅशबॅक सुरू करावे, मग वस्तू टोपलीत टाकाव्यात आणि पैसे देईपर्यंत त्या टॅबमधून बाहेर पडू नये. टोपलीत आधीपासून पडून असलेल्या वस्तू काही दुकाने हिशेबात धरत नाहीत.

वेगळ्या प्रोफाइलचा आग्रह धरण्यामागे याहून गंभीर कारण आहे, आणि आपल्या मजकुरात त्याचीच उणीव अधिक जाणवली. असे एक्सटेन्शन बसवताना ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ या अर्थाची परवानगी मागितली जाते आणि आपण ती न वाचता देऊन टाकतो. ही परवानगी दुकानापुरती नसते. त्याच ब्राउझरमध्ये उघडलेली बँक, ईमेल आणि वैद्यकीय अहवालही तिच्या कक्षेत येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने अवास्ट या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, ते नेमके यासाठी की तिने ब्राउझर एक्सटेन्शन आणि अँटिव्हायरसमधून गोळा केलेला लोकांच्या वावराचा तपशील विकला होता, आणि तोही खासगीपणा जपण्याचे आश्वासन देऊन. क्रोममध्ये एक्सटेन्शनच्या तपशिलात जाऊन ही परवानगी ‘क्लिक केल्यावर’ इतकी आखडता येते. मग एक्सटेन्शन आपणहून आठवण करून देत नाही, हे खरे. मला ती गैरसोय चालते.

नोंद झाल्यावरही पैसे लगेच हाती येत नाहीत. वस्तू परत करण्याची मुदत संपेपर्यंत ते ‘पेंडिंग’ दिसतात, कारण वस्तू परत गेली की दलालीही परत जाते. ऑर्डर क्रमांक आणि कॅशबॅक सुरू झाल्याचा स्क्रीनशॉट तोवर जपून ठेवावा. तक्रार करायची वेळ आली, तर आपल्या हाती तेवढेच असते.

आता थोडे आपल्या क्षेत्राविषयी. वस्तूंची परीक्षणे लिहिणारे अनेक जण आणि कित्येक वृत्तपत्रांची संकेतस्थळेही अशाच दलालीवर काही प्रमाणात चालतात. परीक्षण वाचून निर्णय घ्यायचा आणि शेवटच्या क्षणी एक्सटेन्शनची क्लिक करायची, म्हणजे ज्याने खपून माहिती दिली त्याचा वाटा आपण उचलून स्वतःच्या खिशात टाकतो. परीक्षण खरोखर उपयोगी पडले असेल, तर मी त्यातल्याच दुव्यावरून, एक्सटेन्शन नसलेल्या प्रोफाइलमधून खरेदी करतो आणि कॅशबॅक सोडून देतो. आपल्या संकेतस्थळावरील कोणत्या दुव्यांवर आपल्याला दलाली मिळते, हे आपण दुव्याशेजारीच स्पष्ट छापावे, अशी विनंती आहे. म्हणजे ही निवड मला माहितीनिशी करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक