वापरलेल्या ॲसिडचा हिशेब चुकतो कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगू लागला की वृत्तपत्रांत फोटो येतात आणि चार दिवस सरसकट कारखान्यांच्या नावाने खडे फोडले जातात. तो फेस मुख्यत्वे सांडपाण्यातल्या साबण-डिटर्जंटचा असतो. नाल्यात ॲसिड ओतले तर असा फेस येत नाही, म्हणून त्याचा फोटोही निघत नाही. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात प्लेटिंग (धातूवर मुलामा), पावडर कोटिंग आणि गॅल्व्हनायझिंगची (लोखंडावर जस्ताचा थर) कामे चालतात. तिथल्या वापरलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडबद्दल म्हणूनच थोडे सविस्तर लिहीत आहोत.

बाजारात हे ॲसिड साधारण ३० ते ३३ टक्के तीव्रतेचे मिळते. पिकलिंगच्या, म्हणजे गंज काढण्याच्या टाकीत ते निम्म्याने पातळ करून वापरतात. जॉबवरचा (कामाला आलेल्या लोखंडी भागावरचा) गंज निघत जातो तसे ॲसिड कमी होते आणि लोखंड विरघळत जाते. लिटरमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम लोखंड झाले की टाकी काम देईनाशी होते. उरते ते हिरवट पाणी, आणि ‘यात आता दम नाही’ म्हणून ते ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात त्यात अजून चार-पाच टक्के ॲसिड शिल्लक असते.

ड्रेनेजच्या गाळात सल्फाइड साठलेले असते. पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितके पाणी आम्लधर्मी) ७ असताना त्यातले साधारण निम्मे विरघळलेल्या, न उडणाऱ्या रूपात राहते. पीएच ५ वर आला की जवळजवळ सगळ्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि तो विषारी वायू चेंबरमध्ये भरतो. सडक्या अंड्याचा वास सुरुवातीला येतो, पण हवेत १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) पुढे गेल्यावर नाकच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, अशा समजुतीने पुढच्या चेंबरमध्ये डोकावणाऱ्याचा जीव जातो. ॲसिड ओतणारा तोवर शटर ओढून घरी पोचलेला असतो. सायनाइडचे झिंक प्लेटिंग असलेल्या गाळ्यात तर पिकलिंगचे आणि प्लेटिंगचे धुवण एका मोरीत येताच कामा नये. ॲसिड आणि सायनाइड एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. दोन वेगळ्या मोऱ्या आणि दोन वेगळ्या टाक्या, यात तडजोड नाही.

ॲसिड मारायला काय करता, तर ‘आम्ही चुना टाकतो’ हे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. किती टाकता, असे विचारले की गणित चुकलेले दिसते. पाच टक्के उरलेल्या ॲसिडसाठी लिटरला ५०-५५ ग्रॅम विरलेला चुना पुरतो, पण त्यात विरघळलेले १२० ग्रॅम लोखंड आणखी सुमारे १६० ग्रॅम चुना खाते. बाजारातल्या चुन्याची शुद्धता धरली तर लिटरला पाव किलो लागतो. २०० लिटरच्या पिंपाला ५० किलो, म्हणजे २५ किलोच्या दोन गोण्या. लोक एखादे घमेले चुना टाकतात, पीएच तपासायची पट्टी बुडवतात आणि रंग जरा बदलला की थांबतात. लोखंड तोवर पाण्यातच असते. रात्रभरात हवा लागून त्याचा तांबूस गाळ बसू लागतो, त्या प्रक्रियेतून पुन्हा ॲसिड तयार होते आणि सकाळी पीएच परत खाली आलेला असतो. म्हणून आधी भरपूर पाण्याने पातळ करून, ढवळत, थोडा थोडा चुना घालून पीएच ८.५ ते ९ पर्यंत न्यावा, हवा मारावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावा. चुन्याऐवजी सोडा ॲश वापरणाऱ्यांनी टाकी निम्म्याहून जास्त भरू नये. ताज्या ३० टक्के ॲसिडच्या एका लिटरला अर्धा किलो सोडा लागतो आणि त्यातून शंभर लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. घाईने ओतला तर टाकी उतू जाते. कॉस्टिक सोड्याच्या फ्लेक्स थेट ॲसिडमध्ये टाकणे म्हणजे उकळते पाणी अंगावर घेण्याची तयारी.

एवढे करूनही काम संपत नाही. लिटरला सुमारे २०० ग्रॅम सुका गाळ उरतो. पातळ करण्याआधीच्या हिशेबाने वरच्या पाण्यात लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या दहापट. पीएच बरोबर आला तरी हे पाणी झाडांना घालता येत नाही की नाल्यात सोडता येत नाही. त्यामुळे आमच्या मते छोट्या गाळ्याने चुन्याच्या भानगडीत न पडणेच बरे. टाकी धुतलेले पाणी ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) जाऊ द्या, घट्ट द्रावण मात्र वेगळे साठवा. त्यापासून फेरिक क्लोराइड बनते आणि ते पाणी शुद्धीकरणात वापरतात. हे काम करण्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या कारखान्याकडेच ते जावे. गाळ जावा रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात.

साठवणीबद्दल थोडक्यात. ‘स्टेनलेस आहे, चालेल’ हा समज सोडावा. हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेसच्या ३०४ ग्रेडलाही खाते. एचडीपीई, पीपी (दोन्ही प्लॅस्टिकचे प्रकार), एफआरपी (काचतंतू घातलेले प्लॅस्टिक) किंवा आतून रबर लायनिंगच चालते. लोखंडाशी संबंध आला की हायड्रोजन निघतो आणि बंद पिंप फुगते. कॅन पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात ठेवले की प्लॅस्टिक ठिसूळ होते. मे महिन्यात तापलेल्या कॅनचे झाकण एकदम फिरवू नये. पाव फेरा सैल करून फुस्स आवाज थांबेपर्यंत तोंड बाजूला ठेवावे. कॅन तिरपा करून गटगट ओतण्यापेक्षा हातपंप वापरावा. पातळ करताना ॲसिड पाण्यात घालावे, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. साठ्याभोवतीच्या कठड्यात सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावला पाहिजे. ब्लीचिंग किंवा हायपो (क्लोरीनचे जंतुनाशक द्रावण) शेजारी असेल तर विषारी क्लोरीन वायूची व्यवस्था आपणच केली म्हणायची. सांडलेल्या नायट्रिक ॲसिडवर भुसा टाकण्याची सवय तर तातडीने मोडायला हवी. भुसा पेट घेऊ शकतो आणि निघणाऱ्या तपकिरी धुराने फुप्फुसात पाणी भरते, तेही कित्येक तासांनी, माणूस घरी गेल्यावर.

डोळ्यात थेंब गेला तर लगेच, किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुणे हाच उपाय आहे. पण आयवॉशचा (डोळे धुण्याच्या नळाचा) पाइप गच्चीवरून उन्हातून येत असेल तर एप्रिलमध्ये दुपारी त्याचे पाणी हाताला सोसत नाही, डोळ्याला काय सोसणार? पाइप झाकावा आणि आठवड्यातून एकदा नळ सोडून पाहावा.

आता अडचणीचे बोलू. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. लेबल आणि मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचे नोंदपत्र) यांशिवाय तो हलवताही येत नाही. नियम योग्यच आहे. पण महिन्याला दोन पिंपे ॲसिड निघणाऱ्या गाळ्यासाठी कोणी वाहतूकदार स्वतंत्र गाडी पाठवत नाही, पाठवली तरी भाडे परवडत नाही. गाळेमालक मग रात्रीची वाट पाहतो. नुसत्या नोटिसांनी हे थांबणार नाही. उद्योजक संघटना आणि एमआयडीसी यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून प्रत्येक ब्लॉकसाठी महिन्यातला एक ठरलेला वार जाहीर करावा. त्या दिवशी अधिकृत वाहतूकदाराची एक गाडी गाळ्यागाळ्यातून पिंपे उचलेल, प्रत्येकाचे मॅनिफेस्ट वेगळे बनेल आणि भाडे लिटरमागे वाटले जाईल. रिकामे कॅनही त्याच फेरीत परत जावेत. तेही घातक कचऱ्यातच मोडतात, तरी भंगारातून पाणी भरायला घरोघरी पोचतात. पावसाळ्याआधी एका ब्लॉकमध्ये हे करून पाहावे. नाल्याला पाणी आल्यावर काय मिसळले, हे शोधणे कोणालाच जमत नाही.

– प्लेटिंग व्यवसायातील तंत्रज्ञ, भोसरी, पुणे