पंधरा थाऊ

सांगली

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर आपल्या अँबॅसिडरचं इंजिन चालू करून ऐकवलंस, ती टकटक मलाही नीट ऐकू आली. पण तुझ्या तिथला मेकॅनिक टॅपेट आवळून ‘एकदम सायलेंट’ करून देतो म्हणाला, त्याने मला रात्रभर झोप नाही. त्याला हात लावू देऊ नकोस. रविवारी सकाळी तूच कर. गुडघे धड असते तर मीच नाशिकला आलो असतो.

आपल्या गाडीत १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन आहे. कॅमशाफ्ट खाली, तिथून पुशरॉड वर येऊन रॉकरला ढकलतात आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात १५ थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, फट लागते; साधारण ०.३८ मिलिमीटर. टॅपेट करणं म्हणजे ही फट बसवणं. ती आवळून संपवली की आवाज जातो खरा, पण तापून धातू वाढला की व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्यातली बरीचशी उष्णता सीटवाटेच हेडमध्ये उतरते. ती वाट बंद झाली की कड जळते.

तू चौथीत असताना पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला गाडीने दम टाकला होता, आठवतं? त्याच्या आधी महिनाभर एकाने टॅपेट आवळून दिले होते. इंजिन इतकं शांत झालं की मी खूश होऊन त्याला वर पैसे दिले. हेड उतरवलं तर चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी अशी गेलेली, जशी उंदराने भाकरी कुरतडावी. माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो तो व्हॉल्व्ह हाच.

आता काम सांगतो. गाडी रात्रभर उभी असू दे, मी नेहमी थंड इंजिनावरच करतो. न्यूट्रल, हँडब्रेक, चावी काढलेली. चारही प्लग काढ म्हणजे इंजिन हाताने फिरवायचं हँडल हलकं फिरेल. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, कायम. उलटा झटका बसला तर मनगट जातं. प्लग काढलेले असले तरी ही सवय मोडू नकोस.

वरचं कव्हर काढलंस की आठ रॉकर ओळीने दिसतील. रेडिएटरकडून मोज, एक ते आठ. इथे नवाची बेरीज चालते: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला बघायचा, सहावा दाबला की तिसरा, चौथा दाबला की पाचवा, सातवा दाबला की दुसरा. मग उलट: पहिला दाबला की आठवा, तिसरा दाबला की सहावा, असंच पुढे. दोन्ही आकडे मिळून नऊ झाले नाहीत तर थांब आणि पुन्हा मोज. खडूने कव्हरवर लिहून ठेव, मी अजून लिहितो.

रॉकरच्या स्क्रूवरच्या चेक नटला अर्ध्या इंचाचा रिंग पाना, स्क्रूच्या खाचेत पेचकस, फटीत फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांतलं, १५ चं पान, त्याला तेलाचं बोट लावलेलं. पान किती अडलं पाहिजे हे आकड्यात सांगता येत नाही. वहीत दाबून ठेवलेलं मोरपीस काढताना जेवढं अडतं, तेवढंच. नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पान घालून बघ. आठही ठिकाणी बघ. शंका आली तर १४ चं पान सैल जायला हवं आणि १६ चं शिरता कामा नये.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जुन्या रॉकरचं टोक व्हॉल्व्हवर घासून मधे खोलगट होतं. गेजचं पान सपाट, ते खळग्याच्या दोन कडांवर टेकतं आणि खालची फट त्याला मोजताच येत नाही. पान १५ दाखवतं, खरी फट जास्त असते आणि तो टॅपेट वाजत राहतो. आपला पाचवा तसाच आहे. त्यावर उपाय रॉकर बदलणं किंवा टोक घासून सरळ करून घेणं, ते दिवाळीत करू. तोवर तो वाजला तरी अंदाजाने आवळू नकोस. वाजणारा थोडा झिजेल, पण आवळलेला जळेल.

कव्हरचे नट बेताने आवळ, पत्रा वाकला की ऑइल गळतं. कॉर्कचं पॅकिंग कडक झालं असेल तर नवं घाल. फिलर गेज डिकीत आहे, माझ्या जुन्या पायमोज्यात गुंडाळलेला.

झालं की फोन कर आणि बॉनेटजवळ धर. बारीक टिकटिक यायला हवी, शिलाई मशीन दुसऱ्या खोलीत चालल्यासारखी. ती आली की मला झोप लागेल.

तुझा
बाबा