झोपलेला स्नायू

केंब्रिज, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले, हृदयाचा काही स्नायू झोपलाय. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "स्नायू झोपलाय म्हणजे नक्की काय गं? मेलाय म्हणायला डॉक्टर लाजतायत का?" मी तेव्हा बसमध्ये होते. "तसं नाही हो," एवढंच बोलले आणि फोन ठेवला. नंतर दोन दिवस तोच प्रश्न डोक्यात. फोनवर सांगायला गेले की आई मधेच "तू जेवलीस का" सुरू करते, म्हणून हे पत्र. चष्मा लावून सावकाश वाचा.

यातलं निम्मं तुम्ही तीस वर्षं डिस्टिलरीत रोज बघितलंय. डबा घेऊन आले की तुम्ही मला लांबून टाक्या दाखवायचात. यीस्ट वाढवायच्या छोट्या टाकीत हवा सोडलेली, आणि ते मोठ्या टाकीत मळीवर घातलं की हवा बंद. असं का, म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "हवा मिळाली की ते पोरंबाळं वाढवत बसतं, दारू करत नाही." पाश्चरनं १८६१ मध्ये हेच पाहिलं होतं. हवा असली की यीस्टला साखर थोडी पुरते, हवा तोडली की तेच यीस्ट साखरेचा फडशा पाडतं.

झटका आला त्या सकाळी तुमच्या हृदयाच्या पेशीत हेच झालं. साखर फोडायच्या पहिल्या दहा पायऱ्या यीस्टमध्ये आणि आपल्यात एकच आहेत. हवा असेल तर पुढे ती पूर्ण जळते आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे सुमारे ३० एटीपी मिळतात (एटीपी म्हणजे पेशीचं तयार इंधन). हवा नसेल तर गाडी अर्ध्यात थांबते, पदरात पडतात २. उरलेल्या मालाचं यीस्ट अल्कोहोल करतं, आपण लॅक्टेट. आपल्याकडे काचेच्या भांड्यात ठेवतात ना तो गोल्डफिश, त्याला मात्र दोन्ही जमतं. बर्फाखालच्या पाण्यात प्राणवायू संपला की तो लॅक्टेटचं अल्कोहोल करून कल्ल्यांतून बाहेर टाकतो. तुमच्या खात्यात त्याला नक्की नोकरी मिळाली असती.

पण हृदयाला २ एटीपीवर भागवणं फार जड. तीनशे ग्रॅमच्या आसपासचा हा अवयव दिवसाला सुमारे ६ किलो एटीपी बनवतो आणि तेवढंच संपवतो. शिल्लक जेमतेम काही ठोक्यांची. शिवाय एरवी तो साखरेपेक्षा चरबीच जास्त जाळतो, आणि चरबी हवेशिवाय जळतच नाही. आलेल्या रक्तातला सत्तर टक्क्यांहून अधिक प्राणवायू तो एरवीच काढून घेत असतो. म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी चोंदली तर आहे त्या रक्तातून जास्त ओढून घ्यावं, तर तीही सोय नाही.

मग तो काय करतो? काम थांबवतो. टेनंट आणि विगर्स या दोघांनी १९३५ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या हृदयाची नळी बांधून बघितलं, तर एका मिनिटाच्या आत तेवढा भाग हलेनासा झाला. मला यातलं खरं विशेष वाटतं ते हे की त्या वेळी पेशीतलं बरंचसं एटीपी अजून शिल्लक असतं. आत साठलेलं फॉस्फेट आणि आम्ल स्नायूची पकड सैल करतं, आणि सगळ्यात मोठा खर्च आपोआप बंद पडतो. मग पेशी आपल्याच साठ्यातलं ग्लायकोजेन (साठवून ठेवलेली साखर) फोडून दिवस ढकलते.

तेही फार काळ चालत नाही. टाकीत अल्कोहोल चढलं की यीस्ट स्वतःच्याच मालात गुदमरतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. इथेही रक्त वाहत नाही म्हणून आम्ल आणि लॅक्टेट जागच्या जागी साठतं आणि साखर फोडणारी यंत्रणाच अडकून पडते. वर आणखी एक नतद्रष्टपणा. माइटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या वीजघरांत, एटीपी बनवणारं फिरतं चक्र आहे, ते आता उलटं फिरू लागतं आणि एटीपी बनवायचं सोडून खाऊ लागतं. घाटघरच्या जलविद्युत केंद्रात रात्री वीज बनवणारी तीच यंत्रं उलटी चालवून पाणी वर चढवतात, तसं. फरक एवढाच की तिथे दुसरीकडची वीज फुकट जायची असते, इथे घरातलाच शेवटचा दाणा जातो. त्याला खीळ घालणारं एक छोटं प्रथिनही पेशीत असतं, पण त्याच्याने सगळं आवरत नाही.

नळी पूर्ण बंद असेल तर विसेक मिनिटांनंतर पेशी मरायला लागतात, आधी आतल्या अस्तराकडच्या, मग बाहेरच्या. आणि तुम्ही बाबा, दीड तास "पित्त आहे" म्हणत सोलकढी पीत ओट्यावर बसून होतात! शेजारच्या काकांनी जबरदस्तीने गाडीत घातलं नसतं तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. रागावले नाही असं म्हणणार नाही.

नळी उघडल्यावर सगळं लगेच सुरळीत होत नाही, यावर तर या गावातच मोठं काम झालंय. हवा नसताना पेशीत सक्सिनेट नावाचं एक द्रव्य साठत जातं. रक्त परत आलं की ते एकदम पेट घेतं आणि त्यातून निघणारे ऑक्सिजनचे तापट रेणू वाचलेल्या पेशींनाच इजा करतात. इथल्या मर्फी आणि क्रीग यांच्या गटांनी २०१४ मध्ये ते दाखवलं. तरी नळी उघडण्यावाचून गत्यंतर नसतंच.

आता तुमचा प्रश्न. झोप दोन प्रकारची असते. एक, रक्त परत आलं तरी स्नायू काही दिवस, कधी काही आठवडे, बधिर राहतो. दुसरी, नळी महिनोन्‌महिने अरुंद असेल तर तो भाग मिळेल तेवढ्या रक्तात जगता येईल इतकंच काम करतो. रहीमतुला नावाच्या हृदयतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात हा दुसरा प्रकार डॉक्टरांच्या गळी उतरवला, आणि त्याला प्राण्यांच्या शीतनिद्रेचं नाव आहे. उन्हाळ्यापासून देवळाच्या पायऱ्या चढताना तुम्हाला दम लागत होता, आणि तुम्ही तो वयावर ढकलत होतात. त्यामुळे मला वाटतं, तुमच्यात दोन्ही थोडं थोडं असेल. मेलेल्या जागी व्रण होतो, तो जागा होत नाही. झोपलेला होऊ शकतो. किती, ते तीन महिन्यांनी पुन्हा इको काढतील तेव्हाच दिसेल. मी काही तुमची डॉक्टर नाही, म्हणून आकडा विचारू नका.

गोळ्यांत ट्रायमेटाझिडीन लिहिलंय ना? ती चरबी जाळण्याला थोडा अडसर घालते, म्हणजे हृदय साखरेकडे वळतं. तितक्याच एटीपीला साखरेत प्राणवायू थोडा कमी लागतो. "ही गोळी कशाला, नुसती खिसा कापायला" असं तुम्ही आईला म्हणालात ते मला कळलंय.

आई, बाबांचा इकोचा कागद फोटो काढून पाठव, या वेळी सरळ धरून, मागच्या वेळी अर्ध्यात तुझा अंगठा होता. मेतकूट संपत आलंय. आणि हो, जेवले.

तुमची,
शमा

ता. क. बाबा, पायऱ्या इतक्यात नाही. ओट्यापासून फाटकापर्यंत, आणि तेही डॉक्टरांना विचारून.