फेरीत नाडीही मोजा

महोदय,

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिनाची फेरी आमच्या गावातूनही निघते. मीठ कमी खा, रोज चाला, तंबाखू सोडा. आरोग्यसेविका म्हणून मी कितीतरी वर्षं त्या फेरीत चालले. पण हृदयाची लय बिघडली तर लकवा मारू शकतो, असं एकाही फलकावर वाचल्याचं मला आठवत नाही.

आमच्या घरात ते गेल्या वर्षी कळलं. यजमान महिनाभर ‘छातीत फडफडतंय’ म्हणत होते. बीपीच्या मशीनवर आकड्यांशेजारी हृदयाचं छोटं चिन्ह लुकलुकायचं. सेल उतरले असतील म्हणून मी दोनदा सेल बदलले. मनगट काही हातात घेतलं नाही. एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला आणि तोंड वाकडं झालं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त तिथं साकळतं आणि गुठळी मेंदूत जाऊ शकते. लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. वेळेत निदान झालं, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी तो बराच टळतो. त्या गोळ्या आता सुरू आहेत, पण सदऱ्याची बटणं अजून मीच लावते.

पोलिओच्या वेळी आम्ही दारोदार फिरलो. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा अडाणी आजीलाही नेमकं ठाऊक असायचं: रविवारी बाळ बूथवर न्यायचं, दोन थेंब पाजायचे. नाडीचं कामही तेवढंच सोपं आहे. पाच मिनिटं शांत बसावं, अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत. ताल सारखा चुकत असेल तर ईसीजी काढावा. हा बिघाड काहींच्या बाबतीत येतो-जातो, त्यामुळे एका दिवसाच्या शिबिरात तो सापडेलच असं नाही. आशाताई बीपी बघायला घरी येतातच. साठी ओलांडलेल्यांची नाडीही त्यांनी दर खेपेला बघावी.

मोहिमेच्या अहवालात आम्ही ‘उपस्थिती’ लिहायचो. त्याऐवजी किती जणांची नाडी अनियमित लागली, त्यांतल्या किती जणांचा ईसीजी झाला आणि किती जणांना गोळी सुरू झाली, हे तीन रकाने यंदापासून ठेवावेत, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, तासगाव (जि. सांगली)