श्रोत्यावर खापर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला शास्त्रीय मैफलींच्या रिकाम्या खुर्च्यांवरचा लेख वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून आज सकाळी सगळी कामं बाजूला ठेवून हे लिहायला बसलो आहे. लेखकाचा अभ्यास दांडगा आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण ‘इथल्या श्रोत्याचा कान तयार नाही, तो कव्वालीकडे, लावणीकडे, गोंधळाकडे पळतो’ हे वाक्य मला लागलं. कारण तो पळणारा माणूस म्हणजे मीच.

मी परभणीत राहतो. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसात कव्वाली ऐकतो. भीमजयंतीला भीमगीतं गाणाऱ्या दोन गायन पार्ट्यांचा सामना असला की पहिल्या रांगेत जाऊन बसतो. माळेगावच्या यात्रेत लावणी, नांदेडला गेलो की सचखंड गुरुद्वाऱ्यात कीर्तन, आणि तिथल्याच शंकर दरबार या संगीत महोत्सवात शास्त्रीय गाणं. हे सगळं ऐकल्यानं कान बिघडतो, असं कुणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

गेल्या वैशाखात सेलूजवळच्या एका खेड्यात पुतण्याच्या लग्नाचा गोंधळ होता. रात्री साडेदहाला चौक मांडला, दिवटी पेटली. ना माइक, ना भोंगा, नुसता संबळ आणि तुणतुणं. पहाटे तीनच्या सुमाराला रेणुकेची कथा चालू असताना कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी गोंधळ्याला थांबवलं. ‘अरे लेकरा, जमदग्नीचा भाग राहिला ना, तो घे आधी.’ गोंधळ्यानं हात जोडले, मागं गेला आणि तो भाग पुरा गाऊन मगच पुढं निघाला. पहाटे तीनला सुटलेली जागा जिला कळते, तिचा कान तयार नाही म्हणायचं का?

कव्वालीतही असंच. एखाद्या ओळीवर ऐकणाऱ्याला ‘हाल’ आला, म्हणजे तो देहभान विसरला, तर कव्वाल ती ओळ सोडत नाही. तो माणूस भानावर येईपर्यंत तीच ओळ घोळवत राहतो. तिथं ऐकणाऱ्याची एवढी कदर आहे.

आता आमच्या शहरातल्या एका शास्त्रीय मैफलीचं सांगतो. शाळेच्या मैदानावर मांडव होता, पत्रिकेवर वेळ सहाची होती. सुरुवात झाली सव्वासातला. तरीही मैदान भरलेलं होतं, मागं लोक सतरंज्या टाकून बसले होते. गायकानं विलंबित, म्हणजे संथ लयीच्या एकतालात बागेश्री राग घेतला. पंचवीस मिनिटं एकेक सूर उलगडत ते वर चढत होते. म, ध, मग कोमल नी. त्या निषादावर, म्हणजे नीवर, ते थांबले, आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आता लागणार म्हणून सगळा मांडव श्वास धरून बसला होता. तेवढ्यात सूत्रसंचालक चिठ्ठी घेऊन मंचावर आले. पाहुण्यांची गाडी आली होती. गायकानं हात खाली घेतला. तबलजीनं तबल्यावर फडकं टाकलं. तानपुऱ्यावरच्या मुलीला कुणीच काही सांगितलं नाही, म्हणून ती बिचारी बराच वेळ तारा छेडत राहिली आणि तिच्या डोक्यावरून हार इकडून तिकडं जात राहिले.

शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्रायोजकांचे सत्कार, दोन भाषणं. तासाच्या वर वेळ गेला. त्या तासात लेकरंबाळं घेऊन आलेले लोक उठून गेले. खुर्च्या रिकाम्या झाल्या त्या तेव्हा. गायकानं पुन्हा तानपुरे लावले, पण विलंबित काही परत धरला नाही. जलद लयीतली द्रुत बंदिश, एक अभंग आणि भैरवी, एवढ्यावर उरकलं. कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे मोकळ्या मैदानावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि पावणेदहालाच पोलीस दादा येऊन उभे राहिले. त्यांची काही चूक नाही. पण मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग. संध्याकाळचा सव्वा तास आणि मधला तास असा वाया घालवल्यावर ते आम्ही कधी ऐकायचे? त्या संयोजकांना मी दुसऱ्या दिवशी भेटून हे सांगितलं. ‘पाहुण्यांना नाराज करता येत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. सत्कार करा, जरूर करा, पण गाण्याच्या आधी उरका किंवा गाणं संपल्यावर करा.

लेखकांनी आपल्या मराठवाड्यात परंपरा नसल्याचंही लिहिलं आहे. शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ लिहिला तो तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं रागवार लावलेली आहेत, आणि त्यांचं नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. अमीर खुस्रोचा मित्र कवी हसन सिजझी याची कबर दौलताबादजवळच्या खुलताबादेत आहे. आणखी काय हवं?

जाता जाता एक तक्रार आपल्या वृत्तपत्राबद्दल, राग मानू नये. त्या मैफलीची बातमी आपण तिसऱ्या दिवशी छापली. फोटो दीपप्रज्वलनाचा, त्यात अकरा पाहुणे, अकराही जणांची नावं. गायकाचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत, तबलजीचं नाव कुठंच नाही. कोणता राग गायले, एक शब्द नाही. आणि कार्यक्रम आहे हे आदल्या दिवशीच्या अंकात शोधूनही सापडलं नव्हतं. मला ते पानटपरीवरच्या भित्तीपत्रकावरून कळलं. मी २२ वर्षांपासून आपला अंक घेतो, म्हणून हक्कानं मागतो. दर गुरुवारी एक लहानशी चौकट द्या: आठवड्यात कुठं कव्वाली, कुठं गायन पार्टी, कुठं शास्त्रीय मैफल, किती वाजता, कोण गाणार आणि साथीला कोण. माहिती गोळा करून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको.

आपला,
एक वाचक, परभणी