कुळवाची पास

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी तुम्ही दोघं शेडवर येऊन गेलात. बाबा, जुन्या औतांच्या लोखंडातून मी घडवलेल्या त्या कोंबड्यापाशी तुम्ही थांबलात, शेपटीवरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "ही आपल्या कुळवाची पास न्हवं?" मी हो म्हटलं. पुढं तुम्ही काहीच बोलला नाहीत. अर्धा चहा तसाच ठेवून बाहेर बाकड्यावर जाऊन बसलात. चार दिवस तेच डोळ्यासमोर येतंय. फोनवर मला हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलेय.

हो, ती आपलीच पास, कुळवाचं माती कापणारं लोखंडी पातं. दिवाळीत गोठा रिकामा करताना टेंपोत भरलेल्या सामानात ती होती. "ने सगळं," असं तुम्ही म्हणाला होतात खरं, पण ने म्हणजे काप असं नव्हे. तुम्हाला न विचारता मी तिचे तीन तुकडे केले. चुकलं माझं.

पण मी ती का उचलली, तेही तुम्हाला कळायला हवं. दरसाल तुम्ही ती लोहाराकडं शेवटून, धार काढून आणायचात. एका अंगाला मातीनं घासून घासून ती पत्र्यासारखी झाली होती आणि मागच्या अंगाला घणाचे घाव अजून शाबूत होते. टोकाकडं तर ती अशी झिजलेली की कोंबड्याच्या शेपटीचं पीस जसं खाली वळतं, अगदी तसं. ते वळण मी काढलेलं नाही, मळ्यातल्या मातीनं काढलंय. मी फक्त तीन पिसं एकावर एक लावली. रंग दिला नाही. तारेच्या ब्रशनं सुटा गंज झाडला, लोखंड जरा तापवलं आणि जवसाचं तेल पुसलं. म्हणून तर तुम्हाला ती एका नजरेत ओळखता आली. रंगवली असती तर तुम्ही नुसता कोंबडा बघून गेला असता.

आई, तू गव्यापुढं बराच वेळ उभी होतीस. त्याच्या पाठीची कमान म्हणजे आपल्या गाडीची धाव आहे. बाबा सांगतात ना, लोहार धाव शेणकुटांच्या जाळात लाल करायचा, लाकडी चाकावर चढवायचा आणि लगेच पाणी ओतायचा, की ती आवळून आरे करकचून बसायचे. ती गोलाई तेव्हाची आहे, मी ती वाकवली नाही. दाजीपूरच्या जंगलातला गवा आठव, खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत त्याला उंच कणा असतो. धावेचा पाव तुकडा तिथं धरला आणि गवा दिसायलाच लागला. शिंगं ऊसतोडीच्या दोन कोयत्यांची. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात, म्हणून तेवढाच भाग ग्राइंडरनं उजळला आणि वर लाख मारली. बाकी अंग काळं ठेवलं.

बाबा, गुऱ्हाळाच्या चरकाचं दातेरी चाक मात्र मी एकदा घालवलं, तेही सांगून टाकते. ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. मी त्याला साध्या लोखंडासारखा साध्या रॉडनं टाका मारला. दिसायला सांधा झकास बसला. रात्री शेड बंद करताना आतून टण्ण असा आवाज आला. बघते तर सांध्याला लागूनच चाकाला केसासारखी चीर गेलेली. शेजारच्या वर्कशॉपमधले वयस्कर मिस्त्री सकाळी आले, चीर बघितली आणि म्हणाले, "पोरी, बिडाला घाई सोसत नाही." मग त्यांनीच शिकवलं. आधी सगळं चाक सारखं तापवायचं. निकेलचा रॉड घ्यायचा. एका वेळी इंचभरच वेल्डिंग करायचं आणि ते गरम असतानाच हलक्या हातोडीनं ठोकायचं, म्हणजे आतला ताण मोकळा होतो. शेवटी चाक राखेत पुरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही. आता घड्याळाच्या मागं जे चाक बघितलंत, ते तेच. चीर भरलेली रेघ अजून दिसते. ती मी घासून काढली नाही.

कुठलं लोखंड कसलं, हे ठिणगीवरून ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. विळा ग्राइंडरला लावला की फुलबाजीसारखी फुलं फुटतात, कारण त्यात कार्बन जास्त. जुन्या धावेची ठिणगी लांब, सरळ जाते आणि फारशी फुटत नाही. बिडाची आखूड आणि लालसर. पाणी देऊन कडक केलेला विळा फार तापवला तर त्याचं पाणी उतरतं. शोभेच्या कामात त्यानं बिघडत काही नाही, पण मला ते जिवावर येतं. शक्यतो मी धारेला आच लागू देत नाही.

आई, डोळ्यांची काळजी करू नकोस. वेल्डिंगच्या मुखवट्याची काच बदलली आहे, अंगात सुती कपडेच असतात. जस्ताचा मुलामा असलेल्या बादल्या आणि पाइप मी वेल्डिंगला घेतच नाही, त्याच्या धुरानं थंडी-ताप भरतो. तुझं खुरपंही माझ्याकडं आहे, पण ते कापलेलं नाही. तू डावखुरी, म्हणून त्याची मूठ दुसऱ्याच बाजूनं झिजली आहे. मी उजव्या हातात धरते तेव्हा ती बसतच नाही. ते खिळ्याला टांगून ठेवलंय, कुणी मागितलं तरी देत नाही.

बाबा, लहानपणी तुम्ही मला पन्हाळ्यावर नेलं होतं, तेव्हा तोफांची गोष्ट सांगितली होती. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगर करायला दिल्या. तुम्ही ते असं सांगायचात की जणू आपल्याच रानात त्यातला एक नांगर आला होता. मला ती गोष्ट परवा दिवसभर आठवत होती. पण महाराजांनी नांगर करायला ज्या तोफा दिल्या, त्या त्यांच्याच होत्या. कुळव तुमचा होता. मी विचारायला हवं होतं, एवढाच फरक आहे आणि तो मोठा आहे.

म्हणून आता एक वही केली आहे. शेडमध्ये येणारी वस्तू कापण्याआधी ती कुठल्या घरची, कशाची आणि तिला काय म्हणतात ते लिहून, फोटो काढून ठेवते. लोक भंगारवाल्याला किलोवर घालायच्या आधी माझ्याकडं घेऊन येतात, पण निम्म्यांना नावं सांगता येत नाहीत. परवा एक मुलगा कुरीचं, म्हणजे पेरणीच्या औताचं, चाडं घेऊन आला. "गोठ्यातलं कायतरी" असं म्हणाला. पेरताना त्याच्या आजीनं त्यात मुठीनं बी सोडलं असेल, आणि तो "कायतरी" म्हणतो, हे मला सहन होत नाही. चाडं, रुमणं, हाळीस, जू, शिवळा, वेसण, पत्री, सगळी नावं तुमच्या तोंडून ऐकलेली म्हणून मला माहीत. वहीची पहिली चार पानं आपल्याच गोठ्याची आहेत आणि पहिल्या पानावर कुळवाची पास आहे, तोडायच्या आधीचा फोटो नाही म्हणून आठवणीतून काढलेली.

लोखंडी नांगराला मी हात लावलेला नाही. तो शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली आहे. तुम्ही म्हणाल तर परत गोठ्यात आणून ठेवते. तुम्ही म्हणाल तर तसाच, न कापता, दाराशी एका दगडी ओट्यावर उभा करते. कोंबडा मी विकणार नाही. एकानं मागितला होता, नाही म्हणाले.

एक विचारायचं राहिलं. कुरीच्या नळ्यांच्या पोत्यात तळाला एक कडी सापडली. हातानं घडवलेली, दांड्याला तीन पीळ, वरचं टोक चपटं करून दोन भोकं पाडलेली. कडीचा आतला भाग एकाच बाजूनं निम्मा झिजलाय, म्हणजे तिच्यात काहीतरी पुष्कळ दिवस हलत होतं. मोटेची म्हणावी तर लहान आहे. आई, तुळईला आमचा पाळणा टांगलेला असायचा, ती तर नव्हे? वहीत तिचं पान कोरं ठेवलंय. फोटो दादाच्या फोनवर पाठवला आहे, चष्मा लावून बघा. आणि बाबा, रविवारी मी येतेय, तेव्हा ती बरोबर आणते, हातात घेऊन सांगा.

तुमची,
लेक